एका मोठ्या संख्येची उलटतपासणी

विद्यार्थिमित्रहो, पाटीवर दोन हा आंकडा लिहा. त्याचा वर्ग करा, चार येतील. चारांचा वर्ग सोळा. सोळांचा वर्ग २५६. त्याचा वर्ग ६५,५३६. आणि त्याचाहि वर्ग केला म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ ही संख्या येते. आतां येथें थांबून तिच्यांत एक मिळवा. जी संख्या झाली ती ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे चार अब्ज, एकोणतीस कोटि, एकोणपन्नास लक्ष, सदुसष्ट हजार, दोनशें सत्त्याण्णव.

दिसावयास ही संख्या इतर दहा अंकी संख्यांसारखीच आहे. परंतु हिच्याविषयीं एका थोर गणितज्ञानें केलेलें विधान ब्याण्णव वर्षें उभें राहिलें, आणि दुसऱ्या एका थोर गणितज्ञानें तें एका भागाकारानें खालीं आणिलें. तो भागाकार इंग्रजी चौथीच्या मुलालाहि करतां येईल इतका सोपा आहे. तो कसा, व त्यापासून आपण काय शिकावें, हें ह्या लेखांत सांगावयाचें आहे. वाचतांना जवळ कागद व पेन्सिल ठेवावी. गणितावरील लेख नुसत्या डोळ्यांनीं वाचून समजत नाहीं.

प्रथम एका शब्दाची उजळणी करूं. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः ह्यांखेरीज दुसऱ्या कोणत्याहि पूर्ण संख्येनें निःशेष भाग जात नाहीं, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११, १३ ह्या अशा संख्या होत. जिला भाग जातो ती संयुक्त संख्या. जसें, १५ म्हणजे ३ गुणिले ५. मूळ संख्या कोणत्या क्रमानें येतात हें ठरविणारें साधें सूत्र कोणास सांपडलेलें नाहीं, आणि म्हणूनच तें शोधण्याचा मोह मोठमोठ्यांना पडत आला आहे.

सतराव्या शतकांत फ्रान्स देशांत पिएर द फर्मा नांवाचा गृहस्थ होऊन गेला. तूलूझ शहरच्या न्यायसभेंत तो अधिकारी होता. गणित हा त्याचा पोटाचा धंदा नव्हे, आवडीचा व्यासंग होता. तरी संख्याशास्त्रांत त्याच्या तोडीचा मनुष्य त्या काळीं युरोपांत नव्हता, असें म्हटलें तरी चालेल. १६४० सालीं त्यानें एका पत्रांत असें लिहिलें कीं, वर सांगितल्याप्रमाणें दोनापासून वर्गांचे वर्ग करीत जावें व प्रत्येक वेळीं एक मिळवावा, म्हणजे जी संख्या येते ती नेहमीं मूळच असते. आपण त्या क्रमवार मांडून पाहूं:

२ + १ = ३
४ + १ = ५
१६ + १ = १७
२५६ + १ = २५७
६५,५३६ + १ = ६५,५३७
४,२९,४९,६७,२९६ + १ = ४,२९,४९,६७,२९७

ह्या संख्यांना आज फर्मा-संख्या असें म्हणतात. ह्यांतील ३, ५ व १७ मूळ आहेत हें लहान मूलहि सांगेल. २५७ मूळ आहे हें दोनचार मिनिटांत ताडून पाहतां येतें. ६५,५३७ विषयीं थोडा अधिक श्रम पडतो. संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी भाजक तिच्या वर्गमूळाहून मोठा नसतो. म्हणून येथें २५६ पर्यंतच्या मूळ संख्यांनींच भागून पाहिलें म्हणजे पुरे. त्या ५४ आहेत. एकीनेंहि भाग जात नाहीं, म्हणून ६५,५३७ हीहि मूळ ठरते. पांच साक्षीदार आले, आणि पांचांनींहि फर्माच्या बाजूनें साक्ष दिली!

सहावी संख्या आली तेव्हां मात्र काम अवघड झालें. तिचें वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित् वर आहे, आणि तेथपर्यंतच्या मूळ संख्या ६,५४२ आहेत. दिवसाला दहा भागाकार केले तरी सारी तपासणी पुरी होण्यास सुमारें पावणेदोन वर्षें लागतील. मनुष्याचें मन अशा वेळीं काय म्हणतें? पांच ठिकाणीं नियम खरा ठरला, सहाव्या ठिकाणीं तो खोटा कां ठरेल? फर्माचेंहि मन असेंच म्हणालें असावें. परंतु त्याच्या प्रामाणिकपणाची गोष्ट अशी कीं, ह्या विधानाची सिद्धता आपल्याजवळ नाहीं, हें त्यानें त्याच पत्रांत स्पष्ट लिहिलें आहे. विधानावर त्याचा भरंवसा होता. सिद्धता होती असें त्यानें तेव्हां म्हटलें नाहीं.

१६६५ सालीं फर्मा वारला. पुढें १७२९ सालीं गोल्डबाख नांवाच्या गणितज्ञानें आपल्या एका तरुण मित्राला पत्रानें विचारिलें कीं, फर्माचें हें विधान तुम्हांस ठाऊक आहे काय? तो मित्र म्हणजे लेओनार्ड ऑयलर. तो मूळचा स्वित्झर्लंडमधील बाझल शहरचा. त्या वेळीं रशियांतील सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वत्सभेंत होता, व त्याचें वय अवघें बावीस वर्षांचें होतें. प्रथम त्यानें ह्या प्रश्नाकडे विशेष लक्ष दिलें नाहीं, पुढें दिलें. १७३२ सालीं त्यानें विद्वत्सभेपुढें एक लेख ठेवला व त्यांत सांगितलें कीं, ४,२९,४९,६७,२९७ ह्या संख्येला ६४१ नें निःशेष भाग जातो.

हें आपण स्वतःच पाहूं. दहा अंकी भागाकाराचीहि गरज नाहीं; बाक्यांनींच काम भागतें. ६५,५३६ ला ६४१ नें भागा. भागाकार १०२ येतो व बाकी १५४ उरते. आतां ४,२९,४९,६७,२९६ हा ६५,५३६ चाच वर्ग आहे. म्हणून त्याला ६४१ नें भागलें असतां जी बाकी उरेल, तीच १५४ च्या वर्गाला भागलें असतां उरेल. १५४ चा वर्ग २३,७१६. इकडे ६४१ गुणिले ३७ म्हणजे २३,७१७. पाहा, केवळ एक कमी पडला! अर्थात् ४,२९,४९,६७,२९६ ही संख्या ६४१ च्या पटीला एकानेंच उणी आहे. तिच्यांत एक मिळविला कीं पट पुरी होते. म्हणून

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

हा गुणाकार करून पाहा. फर्माचें विधान येथें संपलें. पांच साक्षींनीं जें उभें राहिलें होतें तें सहाव्या साक्षीनें पडलें, आणि पुन्हां उभें राहणें शक्य नाहीं. कारण ‘नेहमीं’ ह्या शब्दाला एकच विरुद्ध उदाहरण पुरतें.

येथें एक गोष्ट मनांत ठसवून घेण्यासारखी आहे. २, ३, ५, ७ अशा क्रमानें मोजीत गेलें असतां ६४१ ही ११६ वी मूळ संख्या येते. म्हणजे कोणतीहि युक्ति न वापरतां, दिवसाला दहा भागाकार करणारा साधा मनुष्य बाराव्या दिवशीं ह्या भाजकापर्यंत पोहोंचला असता. पावणेदोन वर्षांच्या भीतीनें जें काम हातीं घेतलें जात नाहीं, तें कधीं कधीं बारा दिवसांचें असतें. पण आरंभ केल्याशिवाय तें कळत नाहीं.

तथापि ऑयलरचें वैशिष्ट्य केवळ चिकाटींत नव्हतें. पुढील एका लेखांत त्यानें असा नियम सिद्ध केला कीं, आपल्या ह्या संख्येचा कोणताहि मूळ भाजक ६४ च्या कोणत्या तरी पटींत एक मिळवूनच झालेला असला पाहिजे. हा नियम कोठून आला? दोनाचे घात घेऊन त्यांना १७ नें भागीत चला. बाक्या अशा उरतात: २, ४, ८, १६, १५, १३, ९, १, आणि मग पुन्हां २, ४, ८ असें चक्र फिरूं लागतें. चक्राची लांबी आठ. फर्मानें शोधलेला एक सुप्रसिद्ध सिद्धांत असा आहे कीं, भाजक मूळ विषम संख्या असेल तर त्या संख्येंतून एक वजा करून येणाऱ्या संख्येला ह्या चक्राच्या लांबीनें निःशेष भाग जातो. येथें १७ वजा १ म्हणजे १६, आणि १६ ला ८ नें भाग जातोच.

आतां समजा, एखादी मूळ संख्या आपल्या मोठ्या संख्येला निःशेष भागते. तर दोनाच्या ३२ व्या घाताला तिनें भागलें असतां बाकी तिच्याहून एकानें उणी उरली पाहिजे. आणि त्या घाताच्या वर्गाला, म्हणजे ६४ व्या घाताला, भागलें असतां बाकी एक उरली पाहिजे. म्हणून ६४ ही संख्या चक्राच्या लांबीची पट आहे. ती लांबी ६४ हून कमी असती तर ती ३२ ला किंवा ३२ च्या एखाद्या भाजकाला बरोबर झाली असती, आणि मग ३२ व्या घाताचीच बाकी एक आली असती. पण ती तर तशी येत नाहीं. म्हणून चक्राची लांबी ६४ च आहे. अर्थात् त्या मूळ संख्येंतून एक वजा केला असतां येणाऱ्या संख्येला ६४ नें भाग गेला पाहिजे. हेंच सिद्ध करावयाचें होतें.

ह्या एका विचारानें काम किती हलकें झालें पाहा! तपासावयाच्या संख्या आतां ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ अशा क्रमानें येतात. ह्यांतील ज्या उघडउघड संयुक्त आहेत त्या गाळा. राहिल्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चारांनीं भागलें असतां अनुक्रमें १०९, २, ३२५ व २८८ ह्या बाक्या उरतात. पांचवीनें भागलें असतां बाकी शून्य. जेथें हजारों भागाकारांचें भय होतें, तेथें पांच भागाकारांत निकाल लागला.

आणखी एक मौज अशी कीं, ज्या सिद्धांतानें हें साधलें तो फर्माचाच. तोहि त्यानें १६४० सालींच एका पत्रांत लिहून कळविला होता. म्हणजे कुलूप व किल्ली दोन्हीं त्याच्याच घरांत होतीं. ती किल्ली त्या कुलुपाला लावून पाहण्याचें काम मात्र दुसऱ्यासाठीं राहिलें.

वरच्या वर्गांतील बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं आतां एक सुंदर उपपत्ति देतों. ६४१ ही संख्या दोन तऱ्हांनीं लिहितां येते. एक, ६२५ + १६. ह्यांत ६२५ हा पांचाचा चौथा घात व १६ हा दोनाचा चौथा घात. दुसरी, ६४० + १. ह्यांत ६४० म्हणजे ५ गुणिले १२८, आणि १२८ हा दोनाचा सातवा घात. दोनाचा ३२ वा घात म्हणजे १६ गुणिले दोनाचा २८ वा घात, आणि हा २८ वा घात २६,८४,३५,४५६ आहे. आतां १६ च्या जागीं ६४१ − ६२५ लिहा. मग दोनाचा ३२ वा घात

६४१ × २६,८४,३५,४५६ − ६२५ × २६,८४,३५,४५६

असा होतो. ह्यांतील दुसरें पद नीट पाहा. पांचाचा चौथा घात गुणिले दोनाचा २८ वा घात, म्हणजे ५ × १२८ चा, अर्थात् ६४० चा, चौथा घात. म्हणून एक मिळविल्यावर आपली संख्या

६४१ × २६,८४,३५,४५६ − (६४० चा चौथा घात − १)

ही झाली. कंसांतील पदाचे अवयव आपणांस पाठच आहेत: (६४० + १) (६४० − १) (६४० चा वर्ग + १), म्हणजे ६४१ × ६३९ × ४,०९,६०१. दोन्हीं पदांत ६४१ आहे. तो बाहेर काढा. आंत उरतें तें २६,८४,३५,४५६ − २६,१७,३५,०३९, म्हणजे ६७,००,४१७. भागाकार न करितां भाजकहि मिळाला व भागाकारहि मिळाला. हा दुसरा अवयव ६७,००,४१७ स्वतः मूळ आहे. म्हणून आपल्या संख्येचे मूळ अवयव दोनच.

ह्या संख्येचे आणखीहि कांहीं गुण पाहण्यासारखे आहेत. चारानें भागलें असतां एक बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच तऱ्हेनें लिहितां येते. जसें, १३ म्हणजे ९ + ४, १७ म्हणजे १६ + १. दुसरी तऱ्हा नसते. आपल्या संख्येला चारानें भागलें तर बाकी एकच उरते, आणि ती ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे, हें तिच्या घडणीवरूनच दिसतें. परंतु ६२,२६४ चा वर्ग ३,८७,६८,०५,६९६ आहे आणि २०,४४९ चा वर्ग ४१,८१,६१,६०१ आहे. ह्यांची बेरीज करा. तीच संख्या पुन्हां समोर येते! दोन तऱ्हा सांपडल्या, त्या अर्थीं संख्या मूळ नाहीं. एकहि भाजक हातीं नसतांना नुसत्या ह्या दोन बेरजांवरून तिचें संयुक्तत्व उघड झालें असतें.

आतां पहिल्या पांच फर्मा-संख्यांचा गुणाकार करूं. ३ × ५ = १५. त्याला १७ नें गुणिलें कीं २५५. त्याला २५७ नें गुणिलें कीं ६५,५३५. त्याला ६५,५३७ नें गुणिलें कीं ४,२९,४९,६७,२९५. प्रत्येक वेळीं पुढील फर्मा-संख्येहून दोन उणे येतात. ह्यावरून कोणत्याहि दोन फर्मा-संख्यांना एकाखेरीज सामाईक भाजक नसतो हें कळतें. कारण तसा भाजक असता तर त्यानें दोनालाहि भागिलें असतें, आणि ह्या संख्या तर विषम आहेत. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरीं एक, दुसऱ्या घरीं दोन, तिसऱ्या घरीं चार असे दुपटीनें दाणे ठेवण्याची गोष्ट तुम्हीं ऐकलीच असेल. पटाच्या अर्ध्यापर्यंत, म्हणजे बत्तिसाव्या घरापर्यंत, जितके दाणे होतात ते बरोबर ४,२९,४९,६७,२९५ च.

ह्याच संख्यांचा भूमितीशीं संबंध जोडण्याचें श्रेय जर्मन गणितज्ञ गाउस ह्याला आहे. १७९६ सालीं, वयाचीं एकोणीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यानें सिद्ध केलें कीं सतरा समान बाजूंची सुसम आकृति केवळ पट्टी व कंपास ह्यांनीं काढतां येते. पुढें असें ठरलें कीं, विषम बाजूंची सुसम आकृति ह्या साधनांनीं काढतां येण्यास बाजूंची संख्या ही मूळ असलेली फर्मा-संख्या, किंवा अशा निरनिराळ्या संख्यांचा गुणाकार, असली पाहिजे. पांच संख्यांपासून असे ३१ प्रकार होतात, आणि त्यांतील सर्वांत मोठी आकृति ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची. आपली संख्या मूळ असती तर तितक्या बाजूंची आकृतिहि ह्या यादींत बसली असती. ६४१ च्या त्या एका भागाकारानें तिला दार बंद केलें.

मग फर्माच्या पुढील संख्यांचें काय झालें? सातवी संख्या १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१७ ही आहे. १८८० सालीं फ्रान्समधील लांद्री नांवाच्या वृद्ध गृहस्थानें वयाच्या ब्याऐशींव्या वर्षीं तिचे अवयव शोधून काढिले: २,७४,१७७ आणि ६,७२,८०,४२,१३,१०,७२१. पुढें यंत्रें आलीं, संगणक आले. आतांपर्यंत दोनाच्या बत्तीस वर्गांपर्यंतच्या सर्व फर्मा-संख्यांचा निकाल लागला आहे, आणि पहिल्या पांचांनंतरची प्रत्येक संयुक्त ठरली आहे. तेहतीस वर्गांनीं होणारी संख्या अद्याप अनिर्णित आहे. ती लिहावयाची तर २५८ कोटींहून अधिक अंक लागतील. जेथें फर्माला सर्व मूळ दिसल्या, तेथें पहिल्या पांचांशिवाय एकहि मूळ सांपडूं नये, हें मोठें नवल आहे. परंतु यापुढें मूळ संख्या नाहींच, असेंहि आज कोणी सिद्ध केलेलें नाहीं. तसें म्हणणें म्हणजे फर्माच्याच वाटेनें उलट दिशेस जाणें होय.

मुलांनो, ह्या कथेवरून कोणी फर्माला हसूं नये. त्याच्याइतकें ज्ञान आपणांपैकीं कोणास आहे? त्यानें अनुमान केलें व तें अनुमान आहे असें सांगितलें. ह्यांत दोष कांहींच नाहीं. अनुमानाशिवाय शास्त्र पुढें सरकत नाहीं. दोष होतो तो ऐकणाऱ्याचा, जेव्हां तो मोठ्या नांवाकडे पाहून अनुमानाला सिद्धांत समजूं लागतो. ऑयलरनें फर्माच्या नांवाचा मान राखला, त्याचे अनेक सिद्धांत परिश्रमपूर्वक सिद्ध करून दाखविले, आणि हें एक विधान खोटें ठरलें तेव्हां तेंहि तितक्याच शांतपणें सांगितलें.

पालकांनाहि एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी ‘हें असेंच कशावरून?’ असें विचारील तेव्हां ‘पुस्तकांत आहे म्हणून’ एवढ्यावर तिला किंवा त्याला परतवूं नये. उत्तर ठाऊक नसेल तर दोघांनीं मिळून एक भागाकार करून पाहावा.

अभ्यासासाठीं प्रश्न

(१) ६५,५३६ ला १९३ नें भागून बाकी काढा. तिचा वर्ग करून वरील रीतीनें १०९ ही बाकी ताडून पाहा.

(२) १७ पासून पुढच्या प्रत्येक फर्मा-संख्येच्या एकंस्थानीं ७ च कां येतात?

(३) कोणतीहि संख्या घ्या. तिचा वर्ग, ती संख्या आणि ४१ ह्यांची बेरीज करा. ० पासून ३९ पर्यंतच्या चाळीसहि संख्या घेतल्या तरी उत्तर मूळ संख्याच येते. ४० घेतल्यावर काय येतें तें पाहा, आणि पांच साक्षींऐवजीं चाळीस साक्षी असल्या तरी पुरें होतें काय, तें आपल्या शब्दांत लिहा.